नदीचा काठ आणि पाणमांजर



पुणे शहरात मुळा आणि मुठा या नद्यांचा संगम होतो. पुढे मुळा-मुठा भीमेस मिळते व भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. शहरातील पात्रात सांडपाणी मिसळते. काठावर भिंती व भराव आले आहेत. पाणमांजरास आसरा मिळावा, अशी जागा तेथे फारशी उरलेली नाही. परंतु याच जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्यावर, हा प्राणी आढळतो. तो कोठे राहू शकतो आणि कोठे नाही, हे विद्यार्थ्यांस समजले, तर नदी म्हणजे काय, हेही समजेल.

नावात मांजर असले तरी हा मांजराच्या कुळातला नव्हे. बोटांमधील पडदे, चपटी शेपटी आणि दाट लव यांमुळे तो पाण्यात सहज वावरतो. कुटुंबाने राहतो व मुख्यत्वे मासे खातो. म्हणून पाणी व मासे असले की त्याचे भागते, असा समज होतो. तो अपुरा आहे. लव सुकविणे, निजणे, पिले वाढविणे ही सर्व कामे तो काठावर करतो. खडकांच्या कपारी, झाडांच्या मुळांखालील पोकळी, दाट लव्हाळी हे त्याचे घर. चंबळ नदीच्या संरक्षित पट्ट्यातील अभ्यासातही त्याची पसंती खडकाळ काठांना असल्याचे दिसून आले. तात्पर्य, नदी राखावयाची तर काठही राखला पाहिजे.

वाळूचा बेसुमार उपसा, काठावरील झाडीची तोड, सांडपाणी आणि विष वा सुरुंग लावून केलेली मासेमारी, ही संकटे माणसानेच आणली. कातड्यासाठी त्याची शिकारही झाली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये ही शिकार अपराध आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. मात्र कायद्याने काठावरची झाडी आपोआप उगवत नाही.

वर्गात एखादा कोळ्याचा मुलगा म्हणेल, “गुरुजी, ते आमची जाळी फाडते.” त्यास दटावू नये. जाळे फाटले म्हणजे त्या घरचा दिवस बुडतो. हे नुकसान खरे आहे. ते मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारावा : माशांची पिलावळ अधिक कोण नष्ट करतो, पाणमांजर की विष, सुरुंग आणि बारीक आसाची जाळी? या प्रश्नाचे उत्तर त्या मुलास घरी वडिलांकडे शोधू द्यावे.

उन्हाळ्यापूर्वी एक दिवस वर्ग नदीकाठी न्यावा. मुलांस पाण्यापासून दूर ठेवावे. काठाचा नकाशा काढवून घ्यावा : कोठे झाडी, कोठे खडक, कोठे वाळूचे खड्डे. माशांचे खवले व काटे असलेली विष्ठा एकाच ठिकाणी साचलेली दिसल्यास ती पाणमांजराची खूण असू शकते. तेथे गर्दी न करता वनविभागास कळवावे. नकाशा शाळेत जपून दरवर्षी नवा काढावा. काठ किती उरला, हे मग गावास आपल्याच मुलांच्या हातच्या रेषांतून दिसेल.