वकिलावाचून घटस्फोट : कोणाला परवडेल?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणावरून)



जळगाव-धुळ्याच्या ग्रामीण भागात काम करताना एक प्रश्न आपल्यापुढे वारंवार येतो. माहेरी परतलेली एखादी बहीण विचारते, "भाऊ, वकील न लावता फारकत मिळेल का?" तिने फीचा धसका घेतलेला असतो. यावल-रावेरहून जळगावला किंवा साक्री-शिरपूरहून धुळ्याला तारखेसाठी जायचे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते हेही ती जाणते. अशा वेळी आपल्या हातून दोन चुका होतात. "वकिलावाचून कोर्टात काही होत नाही" असे सांगून आपण तिला परत पाठवतो. नाहीतर स्वतःच पंच होऊन स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहून देतो.

प्रथम कायदा पाहू. मी येथे हिंदू विवाह कायद्यापुरते बोलत आहे. आपली बाजू स्वतः मांडण्याचा अधिकार प्रत्येक पक्षकाराला आहे. १९८४ चा कुटुंब न्यायालय कायदा तर याच्याही पुढे जातो. त्या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद १९७६ साली आली. पतिपत्नी एक वर्ष वेगळी राहिलेली असावीत, दोघांनी मिळून अर्ज करावा आणि सहा महिन्यांनंतर न्यायाधीशापुढे संमती पुन्हा सांगावी, अशी ही पद्धत आहे. योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. दोघेही मिळवते असतील, मुलांचा प्रश्न मिटलेला असेल, स्त्रीधन परत मिळालेले असेल आणि कोणी कोणाच्या दबावाखाली नसेल, तर वकिलाचा खर्च टाळण्यात गैर काहीच नाही.

परंतु आपल्याकडे येणारी स्त्री बहुधा अशा स्थितीत नसते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे, केळी-कापसाचे पैसे त्यांच्या खात्यात, कागदपत्रे त्यांच्या कपाटात. वकीलही त्यांचाच. "एकच वकील दोघांचे काम करील, तू फक्त सही कर," असे तिला सांगितले जाते. वकील मात्र ज्याने नेमला त्याचेच हित पाहणार! अर्जात एक ओळ असते : यापुढे पोटगीचा हक्क सांगणार नाही. ती ओळ नंतर पुसायची तर पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि यश येईलच असे नाही. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हा १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय तिला कोणी सांगत नाही. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली पाहिजे, असे याच न्यायालयाने २०२० मध्ये नागपूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. जिला हे ठाऊकच नाही, ती मागणार तरी काय?

स्टॅम्पपेपरवरच्या फारकतनाम्याची गोष्ट याहून वाईट. नोटरीचा शिक्का सहीची साक्ष देतो. विवाह मोडत नाही. कायद्याने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे खरा, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. (भिल्ल, पावरा आदी अनुसूचित जमातींना हा कायदा लागूच नाही, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.) रूढी सिद्ध झाली नाही, तर पहिला विवाह कायम राहतो आणि दुसरा अवैध ठरतो. मग एकीऐवजी दोन स्त्रिया उघड्यावर पडतात.

मग पैसे नसलेल्या स्त्रीने काय करावे? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही उत्पन्नाच्या स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषांनाही आहे. जळगाव व धुळे येथे जिल्हा प्राधिकरण आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती, अशी त्याची व्यवस्था आहे. घटस्फोट व पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी महाराष्ट्र शासनाने १९९४ सालीच माफ केली. सासर सुरतेला आणि माहेर शिरपूरला असेल, तर २००३ च्या दुरुस्तीमुळे ती राहते तेथील जिल्ह्यात दावा लावू शकते. म्हणजे निवड फी घेणारा वकील की वकीलच नाही, अशी नाही.

काही साथी म्हणतात, मोफत वकील लक्ष देत नाहीत. हे कधीकधी खरे असते. पण त्यावर उपाय हक्क सोडणे हा नव्हे. तारखेला तिच्यासोबत जावे, वकील टाळाटाळ करीत असेल तर बदलून मिळावा म्हणून लेखी अर्ज करावा. हेच आपले काम आहे.

तेव्हा प्रत्येक तालुक्यात एका कार्यकर्त्याने समितीचे कार्यालय पाहून ठेवावे. लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड, सातबारा उतारा ही कागदपत्रे गोळा करण्यास बहिणीला मदत करावी, आणि सहीपूर्वी तिला तीन प्रश्न विचारावेत. नवऱ्याची मिळकत तुला ठाऊक आहे का? मुलांचे आणि पोटगीचे काय ठरले, ते कागदावर आहे का? नको म्हणालीस तर तुला कोणाची भीती आहे का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर तिने खुशाल स्वतः उभे राहावे. एकाही उत्तरात शंका असेल, तर सही थांबवून तिला प्रथम मोफत वकील मिळवून द्यावा.