जनरेटर भंगारात देण्याआधी

गटाच्या शिलाई मशीनसाठी घेतलेला जनरेटर बंद पडला, की भंगारवाला दारात उभाच! तो वजनावर भाव करतो. आतल्या वाइंडिंगमध्ये तांबं असेल, तर तेही लोखंडाच्या भावात जातं.

आधी बघा, इंजिनच सुरू होत नाही, की इंजिन चालतं पण वीज येत नाही? सुरूच होत नसेल, तर बरेचदा टाकीत महिनोन्‌महिने राहिलेलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटर तुंबलेला असतो. ऑइल कमी असलं तरी काही इंजिनं सुरू होत नाहीत. ही कामं दुचाकीचा मिस्त्रीसुद्धा करतो, थोडक्यात भागतं. वीज येत नसेल तर कपॅसिटर गेला असेल, तो स्वस्त. वाइंडिंग जळलं असेल तर खर्च मोठा. आणि ऑइलविना इंजिन जाम झालं असेल, तर मी तरी त्यात पैसे घालणार नाही.

मिस्त्रीकडून खर्च लिहून घ्या आणि बैठकीत वाचा. वर्षभरात जनरेटर किती दिवस लागला, तेही विचारा. लागतच नसेल तर दुरुस्त करून ठेवायचा कुठे? विकताना दोष सांगूनच विका, आणि त्याआधी ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गटाची वस्तू अध्यक्षांनी एकटीनं द्यायची नसते.

दुरुस्त केलात, तर चालवून बघताना अंगणात ठेवा, खोलीत नको. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.