डोरल्याचं काय करायचं?

तुळशीचं लग्न लागलं की लोणावळ्यापासून वडगावपर्यंत मंगल कार्यालयं आणि रिसॉर्टं उजळून निघतात. मंगळसूत्राची एक वाटी माहेरची, एक सासरची, पहिले काही दिवस वाट्या उलट्या घालायच्या, हे सगळं तिथं ठरलेलं असतं. सांगणाऱ्या मावश्या-आत्याही पायलीच्या पन्नास. पण तेच लग्न पुढं कोर्टात मोडलं, तर गळ्यातल्या डोरल्याचं काय करायचं, हे सांगायला यातली एकही पुढं येत नाही.

नवरा वारला तर काय करायचं याचा, क्रूर का होईना, रिवाज होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये तो बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पूर्वी शेतकरी घरांतून पंचांसमोर काडी मोडून फारकत होई, तेव्हा डाग कुणाकडे राहायचे हेही पंचच बघत. आता कोर्टाचा कागद येतो. त्यात पोटगी असते, मुलांचा ताबा असतो, तारीख-शिक्का असतो. डोरल्याचा विषय बहुतेक वेळा त्यात नसतोच.

आणि मग सासरकडून निरोप येतो, 'आमच्याकडचं सोनं परत करा.' इथं कायदा स्पष्ट आहे. लग्नात बाईला मिळालेलं, माहेरचं असो वा सासरचं, तिचं स्त्रीधन. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच हे सांगितलं. एप्रिल 2024 मध्ये केरळच्या एका खटल्यात पुन्हा सांगितलं. तिथं लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्यानं 'नीट ठेवतो' म्हणून बायकोचं सोनं घेतलं आणि आईच्या हवाली केलं. माहेरानं 89 पवन, म्हणजे तिकडच्या मापानं, सोनं घातलं होतं. कोर्टानं तिला 25 लाख रुपये द्यायला लावले. नवऱ्यानं अडीनडीला स्त्रीधन वापरलं तरी ते परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, असंही त्या निकालात आहे.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. परस्पर संमतीच्या घटस्फोटात 'यापुढे एकमेकांकडे काहीही मागणं नाही' अशा अर्थाचं कलम हमखास असतं. त्याखाली सही करण्याआधी दागिन्यांची यादी करून अटींमध्ये लिहून घ्या, वजनासकट. सासूच्या कपाटात राहिलेल्या पाटल्यांची आठवण सही झाल्यावर येऊन उपयोग नाही.

आता कामशेतला किंवा तळेगावला सराफाच्या पेढीवर काय होतं ते बघा. बाई पर्समधून रुमालात बांधलेलं मंगळसूत्र काढते. सराफ आधी दोरा कापतो, मणी ताटलीत सांडतात. वाट्यांत लाख भरलेली असेल तर ती काढावी लागते, कारण लाखेचं वजन सोन्यात धरायचं नाही. मग कस लावतो, हल्ली यंत्राखालीही धरतो. हॉलमार्कची सक्ती जून 2021 पासूनची. त्याआधीच्या, शिक्का नसलेल्या डागाचा कस कधीकधी सांगितल्यापेक्षा कमी निघतो आणि लग्नातलं मोठेपण तिथं उघडं पडतं. घट वजा होते, घडणावळ तर गेलेलीच असते. 'ताई, मोड देताय की बदली काही घेताय?' एवढंच तो विचारतो. शहाणा सराफ त्यापुढं विचारत नाही. पैसे मोजून झाले की काळे मणी कागदाच्या पुडीत बांधून परत देतो. काचेचे ते, मोडीत त्यांना भाव नाही.

सोन्याचा प्रश्न असा तासाभरात सुटतो. घोळ होतो तो त्या पुडीचा. कुणी ती इंद्रायणीत सोडते, कुणी कार्ल्याला एकवीरेच्या पेटीत टाकते. नदीत काही टाकू नये असं माझं मत आहे, पण ते नदीपुरतं. माझ्या ओळखीच्या एकीनं ते मणी भाचीच्या तान्ह्या मुलीच्या मनगटीत ओवले. आजी कुरकुरली, बाळानं काही तक्रार केली नाही.

काही जणी मोडतच नाहीत, घालतात. लोकलनं रोज पिंपरी-चिंचवडला कामाला जाणाऱ्या, लोणावळ्यात भाड्यानं खोली शोधणाऱ्या बायकांना विचारा. गळ्यात काळे मणी दिसले की घरमालक दोन प्रश्न कमी विचारतो. याला कुणी ढोंग म्हणेल. मी म्हणणार नाही. भाडं तिला भरायचं आहे.

खरं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 7 मध्ये मंगळसूत्राचा उल्लेखही नाही. सप्तपदी असेल तिथं सातव्या पावलाला लग्न पूर्ण होतं. तरीही 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं, वेगळं राहायला लागल्यावर बायकोनं ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, काढून ठेवली याला मानसिक क्रूरता म्हटलं. निकाल इतर पुराव्यांसह होता, हे खरं. पण नवऱ्यानं बोटातली अंगठी कधी काढली, याची अशी चौकशी झाल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

त्या अंगठीचंही सांगतो. साखरपुड्यात सासऱ्यानं जावयाला घातलेली, चांगली अर्ध्या तोळ्याची. ती त्याला मिळालेली भेट, त्यामुळे त्याची. पवन मावळातल्या एका गृहस्थानं घटस्फोटानंतर ती मोडली आणि मोटारसायकलचे थकलेले हप्ते भरले. तो आजही त्याच गाडीवरून गावभर फिरतो, आणि अंगठीचं काय केलंस म्हणून त्याला कुणीही विचारलेलं नाही. त्याच्या बायकोला मात्र डोरल्याबद्दल पाणवठ्यापासून बचत गटापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं आहे.