फारकत झाली, घरटॅक्स कोणाचा?

लोकअदालतीच्या आदल्या आठवड्यात मोहाडी तालुक्यातली एक बाई माझ्याकडे आली. पदराची गाठ सोडून तिने चार घड्यांचा कागद काढला. ग्रामपंचायतीच्या थकबाकीची नोटीस होती ती. घामाने घड्यांवरची शाई पसरली होती, तरी दोन्ही नावं स्पष्ट वाचता येत होती, तिचं आणि तिच्या आधीच्या नवऱ्याचं. "ताई, फारकत होऊन चार वर्षं झाली. घरात तो राहते. मग घरटॅक्स माझ्या नावानं कसा?"

त्या घरात ती पुन्हा पाऊल टाकणार नव्हती. माहेरी राहायची, रोवणीला जायची.

तिचं नाव घराच्या कागदावर आलं ते चांगल्या हेतूने. गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचं, असं शासनाने २००३ साली ठरवलं. "घर दोघांचे" म्हणून ते गावोगाव पोचलं. मी त्याची कट्टर समर्थक आहे. पण ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नमुना आठवर ज्या ओळीत हक्क येतो, त्याच ओळीत कराचा बोजाही येतो, हे बाईला कोणी सांगितलं नाही.

कोर्टाचा हुकूमनामा त्या दोघांना बांधतो. ग्रामपंचायत त्या दाव्यात पक्षकार नसते. ती मालकाकडे किंवा भोगवटादाराकडे कर मागते, आणि कागदावर मालकीण म्हणून बाई अजून आहे. "मागची-पुढची थकबाकी नवरा भरेल" असं तडजोडीत लिहिलेलं असेल, तर बाईने भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायला आधार मिळतो. तिच्या तडजोडीत मुलाचा ताबा होता, भांडी होती, दागिने होते. कराबद्दल एक ओळ नव्हती.

आयकराचं वेगळं आहे. आपल्याकडे जोडप्याचं एकत्र विवरणपत्र नसतं, ज्याचा त्याचा कर ज्याला त्याला. अमेरिकेत एकत्र विवरणपत्र भरलं की संपूर्ण कराला दोघंही जबाबदार राहतात, फारकतीनंतरही. आपल्याला ती भीती नाही, पण एक फट आहे. एखादा राइसमिलवाला मोबदला न घेता जागा बायकोच्या नावे करतो. त्याचा आयकर थकला, तर आयकर कायद्याप्रमाणे १ जून १९७३ पासून पुढे अशी दिलेली मालमत्ता त्याचीच धरून जप्त करता येते. "माझ्या नावावर आहे" एवढ्यावर बायकांनी निर्धास्त राहू नये.

मग करायचं काय? परस्पर संमतीच्या फारकतीत पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये साधारण सहा महिने मिळतात. ते वाया घालवू नका. ग्रामपंचायतीतून थकबाकीचा आकडा लेखी घ्या. घर कोणाकडे राहणार ते ठरवा आणि दस्त नोंदवून फेरफार करा. राहत्या घराचं बक्षीसपत्र नवरा-बायकोत करायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक उपकर वेगळा. हुकूमनामा झाला की तुम्ही नवरा-बायको राहत नाही, आणि ही सवलतही राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. त्या बाईला गावातल्या कोणीतरी सल्ला दिला होता, "नाव काढून टाक, कटकट मिटेल." ती हक्कसोडपत्रावर सही करायला निघालीच होती. थकबाकी काही हजारांची, आणि सुटत होतं अर्धं घर! मी तिला थांबवलं. बायांनो, कराच्या नोटिशीला घाबरून हक्कसोडपत्रावर अंगठा उठवू नका. आधी घराची किंमत काढा, तुमचा वाटा मागा, त्यातून थकबाकी वळती करा. नमुना आठ हा मालकीचा अखेरचा पुरावा नाही हे खरं, पण तुमचं नाव तिथे आहे म्हणून तर समोरचा तुमच्याशी बोलायला बसतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर ऐका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिला उत्पन्नाची अट नाही. भंडाऱ्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, आणि ती नोटीस सोबत न्या.