जुन्या सोतर्नची चव

द्राक्षांवर बुरशी दिसली कीं मळेवाल्याच्या पोटांत गोळा उठतो. फ्रान्समध्यें बोर्दो शहराच्या आग्नेयेस असलेल्या सोतर्न भागांत मात्र याच बुरशीची वाट पाहतात! सिरों या लहान नदीचें थंड पाणी गारोन नदीच्या उबदार प्रवाहास मिळतें आणि शरदांतल्या सकाळीं धुकें दाटतें. धुक्यांत बुरशी सालीला भेदते. दुपारच्या उन्हांत मण्यांतलें पाणी उडतें व साखर घट्ट होते. पाऊस लांबला तर तीच बुरशी सारें पीक नासविते. सगळा जुगारच म्हणाना! शातो दिकेम या विख्यात मळ्यांत एका वेलीमागें पेलाभरच मद्य निघतें; २०१२ सालीं तर तेथें त्या नांवाचें मद्य काढलेंच नाहीं.

आतां चवीकडे वळूं. नवें सोतर्न सोनेरी, जर्दाळू व मधाच्या वासाचें. तीस-चाळीस वर्षें बाटलींत मुरल्यावर तें तांबूस होतें. साखर तेवढीच असते, पण जिभेला गोडी कमी भासते; वाळलेली संत्र्याची साल, केशर, अक्रोड हे वास पुढें येतात. मूळचा आंबटपणा अपुरा असेल तर माझ्या मतें उरतो तो नुसता पाक! पेला बर्फांत फार गारठवूं नये, वास दबतो. घोट गिळल्यावर क्षणभर स्वस्थ बसावें. चव किती वेळ रेंगाळते, यावरच खरी पारख होते. आणि जुन्या बाटलीचें बूच ठिसूळ झालेलें असतें. तें सावकाश काढावें.