चित्राला घरची साक्ष हवी



आजोबांनी जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागितलं, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण तो आजार असू शकतो, आणि तो ओळखायला डोक्याचा एमआरआय एकटा पुरत नाही.

1901 साली फ्रँकफुर्टमध्ये डॉ. आलोइस अल्झायमर यांनी विसर पडणाऱ्या एका बाईंना प्रश्न विचारले, उत्तरं टिपून ठेवली. 1906 मध्ये बाई वारल्या, तेव्हा त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. टिपणं आणि मेंदू शेजारी ठेवले, तेव्हा आजार उलगडला. आजचं संशोधन त्याच वाटेनं चाललंय. आता मेंदू जिवंतपणी पाहता येतो, एवढंच.

एमआरआयमध्ये आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्याच्या खुणा दिसतात. तरी सारख्याच चित्राची एक आजी घर चालवते, दुसरीला गॅस बंद करायचं सुचत नाही. म्हणून चित्राशेजारी रक्तदाब, साखर, शिक्षण, ऐकू किती येतं, हे सगळं मांडावं लागतं. बी-12ची कमतरता, मंदावलेलं थायरॉईड, पडल्यावर मेंदूभोवती साकळलेलं रक्त यांनीही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत.

स्मरणचाचणीत शाळेची पायरी न चढलेल्या आजीला ‘एक वाक्य लिहा’ म्हणणं हा अन्याय आहे. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये संशोधकांनी म्हणून चाचणीच बदलली: लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं.

माणसांची अशी नोंद गावातही ठेवता येते; आपल्या शिरूर तालुक्यातलं वढू घ्या. केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र 2002 पासून शिरूर-हवेलीतल्या 22 गावांची जन्म-मृत्यूची, स्थलांतराची नोंद ठेवतं. पन्नाशीपुढच्यांच्या प्रकृतीचाही तिथे अभ्यास झाला. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात बेंगळुरूचे संशोधक खेड्यातल्या माणसांचा एमआरआय, रक्त, जनुकं आणि स्मरणचाचण्या वर्षानुवर्षं एकत्र जोडताहेत. गावनोंद आणि मेंदूचं चित्र यांची अशी गाठ आपल्या भागातही पडावी, ही माझी तळमळ आहे.

तोवर घरचं काम आपलंच आहे. दौंडच्या निवृत्त रेल्वे कामगाराला गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असतात. शिरूरच्या आजीला डेअरीच्या दुधाचा हिशेब बोटांवर येतो. त्या वेळा, तो हिशेब चुकू लागला, तर ती आजाराची खूण असू शकते. ही मोजपट्टी कुठल्याही यंत्रात नाही, तुमच्या घरात आहे. दवाखान्यात जाताना फाइलमध्ये एक पान जास्त ठेवा: विसर कधीपासून, हळूहळू की एकाएकी, रोजचं कोणतं काम सुटलं. एमआरआयचा अहवाल त्या पानाशेजारी ठेवून वाचा, असं डॉक्टरांना हक्कानं सांगा.