आरपार कोरीवकाम : सागवान, हत्यार आणि हात



लाकडावरील नक्षी पाहताना प्रेक्षकाची दृष्टी जे शिल्लक राहिले आहे त्याच्यावर खिळते : वेल, पान, मोर, कमळ. कारागिराची दृष्टी मात्र जे काढून टाकायचे आहे त्याच्यावर असते. साध्या उठावाच्या कामात पार्श्वभूमी खोल जाते, पण नक्षीच्या पाठीशी लाकूड उरते. आरपार कामात ती पार्श्वभूमीच नाहीशी होते आणि तिच्या जागी वारा, उजेड व सावली येऊन बसतात. घरातल्या माणसाला वारा मिळावा, रस्ता दिसावा, पण रस्त्यावरच्याला घराचे अंतरंग दिसू नये, ही गुजरातेतील उन्हाळ्याची आणि कुलीनतेची गरज एका जाळीने भागविली. मराठीत ‘कोरणे’ हे क्रियापद अक्षरांना चालते, भुवयांना चालते आणि लाकडालाही चालते. तिन्ही ठिकाणी त्यात नेमकेपणाची एकच अपेक्षा दडलेली आहे.

या कलेचा एक थोर नमुना पाहण्यासाठी आज न्यूयॉर्कला जावे लागते. पूर्वीच्या बडोदे संस्थानात मोडणाऱ्या पाटण शहरातील वाडी पार्श्वनाथाचे जैन मंदिर सोळाव्या शतकाच्या अखेरचे. त्याच्या सागवानी मंडपाचे वर्णन बर्जेस आणि कझिन्स यांनी उत्तर गुजरातच्या वास्तूंवरील १९०३ च्या ग्रंथात केले. पुढे १९१६ मध्ये तो मंडप मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दाखल झाला. देणगीदारांपैकी एक लॉकवुड डी फॉरेस्ट हा अमेरिकन चित्रकार व सजावटकार. त्याने १८८१ मध्ये अहमदाबादेत मगनभाई हठीसिंग यांच्या सहकार्याने कोरीवकामाचा कारखाना उभारला आणि तेथील सागवानी नक्षी अमेरिकेतील धनिकांच्या दिवाणखान्यांत नेऊन बसविली. त्याच्या स्वतःच्या न्यूयॉर्कमधील घराची, १८८७ सालची, रस्त्यावर पुढे आलेली सागवानी खिडकी तेथील बर्फ सोसून आजही उभी आहे. डी फॉरेस्टने कला तारली की तिचे मूळ घर सोडवले, या प्रश्नाचे एकच उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच्या मागणीमुळे मिस्त्रींच्या हाताला काम मिळाले हे खरे; पण खांब, तुळया, हस्त यांच्या अंगाने वाढलेली नक्षी चौकटीत बसवायच्या तक्त्यांत कापली गेली, हेही तितकेच खरे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिला निर्णय हत्याराचा नसून लाकडाच्या रेषेचा असतो. तंतू ज्या दिशेने धावतात त्या दिशेने बारीक काडीसुद्धा चिवट राहते; तंतूंना आडवी गेलेली तेवढीच काडी बोटाच्या दाबाने तुटते. म्हणून वेलीचे लांब देठ फळीच्या लांबीच्या दिशेने न्यायचे. जो देठ आडवा नेणे अटळ आहे त्याला शेजारच्या पानाचे टोक टेकवून आधार द्यायचा. जाणकार नक्षीत पान पानाला स्पर्श करते ते शोभेसाठी, असे आपल्याला वाटते. वास्तविक तो पूल असतो. अहमदाबादच्या सिदी सैय्यद मशिदीतील १५७२–७३ ची प्रसिद्ध जाळी दगडाची आहे. तिच्यातील झाडाच्या फांद्या हव्या तशा वळतात, कारण त्या दगडाला लाकडासारखी तंतूंची ओढ नाही. ती नक्षी लाकडात जशीच्या तशी उतरवू पाहणारा फसतो. त्याने फांद्या जाड तरी कराव्यात, नाहीतर त्यांना जागोजागी आधार द्यावा.

आराखडा फळीवर उतरला की जे काढायचे त्या भागावर खूण करतात. ही खूण क्षुल्लक वाटते, परंतु तिच्यावाचून दमलेला डोळा पान काढतो आणि पोकळी ठेवतो. मग वेध. गिरमिटाचे मळसूत्री टोक पाचरीसारखे लाकूड फाकवते. कमानीने फिरणारा सामता कमी उपद्रवी. फळीखाली टाकाऊ लाकूड घट्ट धरले नाही, तर वेध बाहेर पडताना मागची बाजू चिरफाळते. वेधातून बारीक करवतीचे पाते ओवून पोकळ्या कापतात. करवत रेषेच्या थोडी आत चालवावी, उरलेले पटाशीने काढावे. थेट रेषेवर करवत चालविणाऱ्याजवळ चूक सुधारायला लाकूडच उरत नाही.

आधी आरपार कापावे की आधी उठाव कोरावा, याबद्दल कारागिरांत एकमत नाही. आधी कापले तर पोकळ्यांमुळे नाजूक झालेली नक्षी पटाशीखाली थरथरते. आधी कोरले तर तयार पानाच्या कडेशी करवत नेताना तीच कड उडण्याची भीती. अधिक पटणारा मार्ग मधला आहे : मोठ्या पोकळ्या प्रथम कापाव्यात, लहान पूल शेवटपर्यंत ठेवावेत आणि कोरताना फळीला पाठीशी दुसऱ्या फळीचा आधार द्यावा. हा आधार देण्याची एक जुनी युक्ती फार सुंदर आहे. दोन फळ्यांमध्ये सरसाने कागद चिकटवायचा. काम संपले की पातळ पाते सरकवायचे. कागद मधोमध फाटतो, नक्षी सुखरूप सुटते आणि राहिलेला सरस कोमट पाण्याने निघतो.

कोरताना प्रथम पातळ्या ठरवाव्या लागतात : कोणता देठ वर, कोणता खालून जाणार. एका पानावरच तासभर रमणाऱ्या नवशिक्याला हे शिस्तीचे काम कंटाळवाणे वाटते. मोगरीचे ठोके फक्त ओबडधोबड काम होईपर्यंत. त्यानंतर एक हात पटाशी पुढे ढकलतो, दुसऱ्या हाताची बोटे तिला आवरून धरतात; कौशल्य या दुसऱ्या हातात आहे. घाव नाजूक भागाकडून भरीव भागाकडे जावा. पटाशी ही अखेर पाचर आहे. बारीक देठाच्या कडेला ती सरळ उभी दाबली तर लाकूड कापण्याऐवजी बाजूला रेटते आणि देठ मोडतो. म्हणून टाकाऊ बाजूचे लाकूड आधी हलके करून तिरपे, पातळ काप घ्यावेत.

सागवान वाळवीला दाद देत नाही, हवामानाने फारसे वाकत नाही. पण त्यात वाळूच्या जातीचा सिलिका असतो आणि तो धार झपाट्याने मारतो. त्यामुळे धार लावण्याचा दगड हाताशीच ठेवावा लागतो. बोथट पटाशी लाकूड चिरडते आणि चिरडलेली जागा नंतर पॉलिशमध्ये काळवंडून दिसते. मधेच पॉलिशकागद घासण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे कण लाकडात अडकतात आणि पुढच्या घावाला धार खातात.

शेवटी फळी उलटी करतात. समोरची नक्षी मऊ आधारावर ठेवून मागच्या कडा आतल्या अंगाने तिरप्या छाटतात. त्यामुळे इंचभर जाडीचे लाकूड समोरून पाव इंचाचे भासते, उजेड अधिक येतो, आणि देठाच्या मध्यभागी जाडी राहिल्याने बळकटीही टिकते. पाकळी हवेत तरंगल्यासारखी दिसते ती या पाठीमागच्या छाटणीमुळे. जुन्या वाड्याच्या जाळीपुढे उभे राहण्याची संधी मिळाली, तर तिच्या मागे जाऊन पाहावे. समोरची बाजू कारागिराचे कसब सांगते, मागची त्याची नियत.

आज प्रश्न दुरुस्तीचा आहे. वाडे उतरविले जातात, हस्त आणि जाळ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात सुट्या विकल्या जातात. जेथे वाडा राहतो तेथे मोडलेल्या तुकड्याच्या जागी संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कापलेला तुकडा बसवितात. यंत्राला नावे ठेवण्याचे कारण नाही. मोठ्या पोकळ्या कापण्याचे कष्ट त्याने खुशाल वाचवावेत. परंतु त्याचे फिरते पाते गोल असते. म्हणून आतला कोपरा टोकदार न होता गोलसर राहतो आणि नेहमीच्या यंत्राला पानाच्या खालून शिरून पोखरता येत नाही. तो कोपरा आणि ती पोकळी हातानेच पुरी करावी लागते. नेमकी तीच राहून गेली की शंभर जुन्या पानांत एक पान मेलेले दिसते.

तुकडा हातानेही घालता येतो, आणि तो कसा घालावा याचे नियम साधे आहेत. तुटलेली कड सरळ आडवी न कापता लांब तिरपी कापावी, म्हणजे सांध्याला तंतूंच्या दिशेने भरपूर पृष्ठभाग मिळतो. शक्यतो जुन्याच सागवानाचा, त्याच रेषेचा तुकडा निवडावा. सागवान तेलकट असल्यामुळे सांध्याची तोंडे सरस लावण्याच्या थोडेच आधी ताजी छाटावीत. तुकडा प्रथम थोडा जाड ठेवून चिकटवावा आणि नक्षी तो जागेवर बसल्यावरच, शेजारच्या पानाकडे बघत कोरावी. जुन्या कामावर पटाशी चालवून ते नव्याशी जुळवू नये. आणि मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला दुरुस्तीचे साल कोरून ठेवावे.